बेंचवरून आवाज चढतो तेव्हा: बास्केटबॉल पंचांसाठी क्रमवार मार्गदर्शक

मुंबईत शालेय आणि क्लब स्पर्धांचा मोसम सुरू झाला की नवे पंच एक चूक हमखास करतात. कोच पहिल्या क्वार्टरपासून बोलत असतो आणि पंच ऐकून सोडून देतो. दुसऱ्या क्वार्टरलाही तेच. तिसऱ्यात कोच थेट साइडलाइनवर येऊन उभा राहतो, तरी पंच गप्प. चौथ्या क्वार्टरला सामना दोन-तीन गुणांवर आलेला असतो, तेव्हा पंचाचा बांध फुटतो आणि टेक्निकल (गैरवर्तनाचा फाउल) वाजतो. कोचला खरोखर कळत नाही की आत्ताच का. मघाशी तो याहून मोठ्याने ओरडला होता, तेव्हा काहीच झालं नव्हतं. त्याची तक्रार रास्त असते.

मीही हे केलंय. सतरा वर्षांखालील मुलांचा सामना होता, 1 मिनिट 40 सेकंद उरले होते आणि फरक तीन गुणांचा होता. त्या कोचचं त्या क्षणीचं वाक्य फारसं वाईट नव्हतं. माझ्या डोक्यात मात्र आधीची वीस वाक्यं साठली होती, आणि शिट्टी मी त्या सगळ्यांची मिळून वाजवली. भोगलं मुलांनी.

म्हणून खाली सगळा भर क्रमावर आहे. आधीचा टप्पा गाळलात तर पुढचा टप्पा अंगावर येतो.

टप्पा 1: सामन्याआधीचा एक तास

दादरला गाडी बदलून, जिना धावत उतरून, घामाघूम होऊन पाच मिनिटं आधी पोहोचलेला पंच पहिल्याच ओरडण्याला दचकतो. एक तास आधी पोहोचा. सामन्याच्या ठरलेल्या वेळेच्या 20 मिनिटं आधी कोर्टवर असणं हे नियमाचंच बंधन आहे, आणि तुमचा अधिकारही तिथूनच सुरू होतो. वॉर्म-अप चालू असताना कोणी शिवी दिली तर ती तुमच्या अखत्यारीत येते.

पोहोचल्यावर आधी कोर्टाच्या कडा बघा. आपल्याकडे बरेच सामने उघड्या सिमेंटच्या कोर्टवर होतात. प्रेक्षक, पालक, पुढच्या सामन्याची मुलं, सगळे रेषेला चिकटून उभे असतात आणि कोचचा आवाज अक्षरशः कानात पडतो. नियमाप्रमाणे कोर्टाभोवती 2 मीटर जागा मोकळी लागते. आयोजकांना सांगून लोकांना मागे सरकवा, आणि हे सामना सुरू होण्याआधी करा. सुरू झाल्यावर कोणी ऐकत नाही.

मग बेंचची हद्द. ती मधल्या रेषेपासून 5 मीटरवर सुरू होते आणि एंडलाइनपर्यंत जाते. शाळेच्या कोर्टवर ती बहुतेक आखलेलीच नसते, म्हणून मी पिशवीत खडू आणि रंगीत चिकटपट्टी ठेवतो. आखलेली रेष असली की नंतर "सर, रेषेच्या आत" एवढं म्हणणं पुरतं. रेष नसेल तर "मी कुठे बाहेर आलो?" या वादात दोन मिनिटं जातात.

आता टेबल. माझ्या अनुभवात कोचच्या रागाची निम्मी सुरुवात टेबलापाशी होते. स्कोअरशीटवर नववीतली मुलं बसलेली असतात, मनापासून काम करतात, पण गोंधळतात. त्यांच्याजवळ पाच मिनिटं बसा आणि तीन गोष्टी पक्क्या करून घ्या. क्वार्टरमध्ये संघाचे 4 फाउल झाले की खूण वर ठेवायची, कारण त्यानंतरच्या फाउलला 2 फ्री थ्रो. टाइम-आउट पहिल्या हाफमध्ये 2 आणि दुसऱ्यात 3, त्यातले शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त 2. आणि टाइम-आउट कोच टेबलाकडे मागतो, पंचाकडे नाही. हे तिसरं कोचलाही आठवण करून द्यावं लागतं. तुमच्या पाठीमागून "टाइम-आउट, टाइम-आउट" ओरडून तो मिळाला नाही की खापर तुमच्यावर फुटतं.

शेवटी सहकारी पंचाशी बोला. तीन गोष्टी आधीच ठरवा: वॉर्निंग कोण देणार (ज्याच्याशी वाद झाला तो शक्यतो नाही), एकाने टेक्निकल दिला तर दुसरा कुठे उभा राहणार, आणि कोणत्या गोष्टीला वॉर्निंग न देता थेट टेक्निकल मिळणार.

सावधान: संघात नातेवाईक असेल, तुमचा जुना क्लब असेल किंवा तुम्हाला खेळ शिकवणारे सर समोरच्या बेंचवर असतील, तर आयोजकांना आदल्या दिवशी सांगा. मुंबईतलं बास्केटबॉल छोटं आहे. नागपाड्याच्या मैदानावर असो की माटुंग्याच्या इंडियन जिमखान्यात, कोण कोणाकडे खेळलं ते सगळ्यांना माहीत असतं. हे तुमच्याआधी कोचच्या तोंडून बाहेर आलं तर पुढची प्रत्येक शिट्टी संशयाने ऐकली जाते.

टप्पा 2: दोन्ही कोचशी सारखीच भेट

सुरुवातीच्या 10 मिनिटं आधी दोन्ही कोच स्कोअरशीटवर सही करून पहिले पाच खेळाडू सांगतात. भेटायला हीच योग्य वेळ. नमस्कार किंवा हस्तांदोलन, स्वतःचं नाव, आणि एक वाक्य: "सर, काही विचारायचं असेल तर चेंडू डेड असताना विचारा, मी उत्तर देईन." (डेड म्हणजे खेळ थांबलेला.) दुसऱ्या कोचलाही हेच, शब्दाला शब्द.

एका बेंचवर चहा घेऊ नका. ओळखीचा कोच "अरे, ये ना, बस" म्हणाला तरी उभ्यानेच दोन शब्द बोलून निघा. समोरच्या बेंचवरून ते दिसत असतं. कोच कितीही जवळचा असला तरी त्या दिवशी तो "सर", कोच बाई असतील तर "मॅडम", आणि तुम्हीही त्यांच्यासाठी तेच. कोर्टवर "तू" आला की दहा मिनिटांत "तुला काय कळतं" येतं.

सहायक कोच पंचांशी बोलू शकत नाही, हेही इथेच सांगून टाका. मुख्य कोच आणि पहिला सहायक यांच्यापैकी एका वेळी एकालाच उभं राहता येतं. दोघंही उभे राहून दोन बाजूंनी बोलू लागले तर पंचाला कोणाचं ऐकावं ते कळत नाही, आणि काही संघ हे ठरवून करतात.

टप्पा 3: पहिली चार मिनिटं

कोच पहिल्या चार मिनिटांत अंदाज घेत असतो: या पंचाची शिट्टी ठाम आहे का, हा माझ्याकडे बघतो का. शिट्टी एकदाच आणि जोरात वाजवा. फाउलला मूठ वर, व्हायोलेशनला (फाउल नसलेल्या नियमभंगाला) पंजा वर, मग क्षणभर थांबून पुढची खूण. टेबलाला रिपोर्ट करताना घाई नको. बराचसा आरडाओरडा "काय दिलं ते कळलंच नाही" म्हणून होतो, आणि तो खुणा नीट केल्या की थांबतो.

कॉल दिल्यावर बेंचकडे बघू नका. नवे पंच नकळत बघतात, जणू परवानगी मागताहेत.

तपासा: पहिल्या क्वार्टरच्या शेवटी सहकाऱ्याला विचारा, "माझा हात वर जाताना मी बेंचकडे बघतोय का?" स्वतःला हे कळत नाही.

टप्पा 4: बोलणं ऐका, पण आधी ओळखा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबूया. कोचचं प्रत्येक वाक्य सारखं नसतं, आणि सगळ्यांना एकच प्रतिक्रिया दिली की गाडी रुळावरून घसरते.

पहिला प्रकार प्रश्नाचा. "सर, आमच्या सात नंबरने काय केलं?" आवाज चढलेला असला तरी हा प्रश्नच आहे आणि त्याला उत्तर मिळायला हवं.

दुसरा उद्गाराचा. "अरे काय यार!", "हाताला लागला!", "थ्री सेकंद, सर!" याला उत्तर नको, मान हलवणंही नको. खेळात जीव अडकलेल्या माणसाच्या तोंडून हे निघणारच, आणि ते सोडून देण्यात कमीपणा नाही.

तिसरा प्रकार चालू समालोचनाचा. प्रत्येक पझेशनला (चेंडू ताब्यात आला की) काहीतरी, क्वार्टरभर. एकेक वाक्य निरुपद्रवी असतं, पण सगळं मिळून तुमची शिट्टी हलवायला पुरतं. नवे पंच इथेच फसतात, कारण बोट ठेवावं असं एकही वाक्य सापडत नाही. याला थांबवायचं ते टप्पा 6 च्या वॉर्निंगने, आणि दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यापर्यंत. त्यापुढे नेऊ नका.

चौथा प्रकार वैयक्तिक. "पैसे खाल्ले", "त्यांच्याच शाळेचा आहेस", "तुला कोणी पंच केलं". यात कॉलविषयी अवाक्षर नसतं, हल्ला सरळ तुमच्यावर असतो. इथे टप्पा 5 आणि 6 गाळून सरळ टप्पा 7.

पाचवा प्रकार हावभावांचा. शब्द एकही नाही, पण हात पसरून प्रेक्षकांकडे वळणं, बोर्ड आपटणं, चष्मा घाला अशी खूण. सगळ्या मैदानाला दिसणारा हावभाव पुटपुटलेल्या शब्दापेक्षा गंभीर धरा, कारण त्याने प्रेक्षकही अंगावर येतात.

आणखी एक प्रकार या यादीत बसत नाही: आकड्यांची तक्रार. "सर, तो फाउल टीमचा पाचवा होता, फ्री थ्रो कुठे?" कोच कितीही चिडलेला असो, आकड्याबद्दल तो बरोबर असू शकतो. चेंडू डेड असताना टेबलाकडे जा आणि बघा. मिळायला हवे होते ते फ्री थ्रो दिलेच नाहीत, नको होते ते दिले, चुकीच्या खेळाडूने घेतले, गुण चुकीने दिले किंवा रद्द केले, या चुका नियमानुसार दुरुस्त करता येतात. पण मुदत आहे. चुकीनंतर घड्याळ सुरू होऊन पहिल्यांदा चेंडू डेड होतो, आणि त्यानंतर तो पुन्हा लाइव्ह होण्याआधी चूक लक्षात यावी लागते. म्हणजे "नंतर बघू" म्हणालात तर मुदत संपलेली असेल, आणि तेव्हा कोचचा राग खरा असेल.

"चॅलेंज!" असंही हल्ली ऐकू येतं. मुख्य कोचला चॅलेंज मागता येतं ते व्हिडिओ रिप्लेची अधिकृत यंत्रणा असलेल्या सामन्यातच. पालकांच्या मोबाइलवरचं चित्रण ही ती यंत्रणा नाही. मोबाइल हातात घेऊन बघू नका, एकदाही.

टप्पा 5: उत्तर एका वाक्यात

उत्तर चेंडू डेड आणि घड्याळ थांबलेलं असतानाच द्या. खेळ चालू असताना नजर कोर्टवर. कोचकडे वळून बोलताना तुमच्यासमोर फाउल झाला आणि सुटला, तर त्याचं उत्तर कोणाकडेच नसतं.

जे दिसलं ते नियमाच्या भाषेत सांगा. "सर, बचाव करणारा जागेवर आधी उभा होता, धक्का तुमच्या खेळाडूचा." "तो सरळ वर उडाला, हात त्याच्या सिलिंडरमध्येच होते." "पिव्हट पाय उचलल्यावर ड्रिबल सुरू झालं." कोच हिंदीत किंवा इंग्रजीत विचारत असेल तर त्याच भाषेत उत्तर द्या, पण लांबी तेवढीच. वाक्य संपलं की निघा. दुसऱ्या वाक्यापासून वाद सुरू होतो.

चुकलात तर? "सर, माझ्याकडून सुटलं" म्हणा. सामन्यात एकदा, फार तर दोनदा. याने कोच शांत होतो असा माझा अनुभव आहे. चौथ्यांदा म्हणालात तर तोच प्रश्न विचारेल की मग तुम्ही इथे का.

ही वाक्यं मात्र तोंडातून येऊ देऊ नका:

"पुढच्या वेळी बघतो." हे कर्ज झालं. पुढच्या मिनिटाला तो वसुलीला येतो.
"तो माझा कॉल नव्हता, त्यांना विचारा." सहकाऱ्याला बेंचसमोर एकटं सोडलंत. त्याऐवजी: "त्यांना तो कोन चांगला होता, सर."
"मी दहा वर्षं पंच आहे." विचारलं होतं का?
"शांत बसा." चिडलेल्या माणसाला शांत व्हायला सांगून तो शांत झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

शरीराकडेही लक्ष द्या. समोरासमोर छाती लावून उभं राहू नका, थोडं तिरकं राहा, म्हणजे कोर्टही दिसतं आणि भांडण चाललंय असं वाटत नाही. हात खाली. पंजा दाखवून "थांब" करणं, बोट रोखणं, कोचच्या खांद्यावर हात ठेवणं, तिन्ही नको. आवाज त्याच्यापेक्षा खालचा ठेवा. त्याला ऐकायला थोडं पुढे झुकावं लागलं तर ओरडणं आपोआप कमी होतं.

सगळ्यात मोठी चूक: भरपाईचा कॉल. कोचने आरडाओरडा केला आणि पुढच्या पझेशनला दुसऱ्या बाजूला हलकासा फाउल दिलात. तुम्हाला वाटतं हिशेब मिटला. आता दोन्ही कोचना कळलंय की ओरडलं की मिळतं, आणि उरलेला सामना दोन्ही बेंच ओरडणार. जुना कॉल चुकला असेल तर चुकू द्या, दुसरा जाणूनबुजून चुकवू नका.

टप्पा 6: वॉर्निंग, एकदाच

वॉर्निंगचा क्रम ठरलेला ठेवा. चेंडू डेड होऊ द्या. सहकाऱ्याला नजरेने कळवा. कोचच्या हाताच्या अंतराबाहेर उभे राहा. वागणुकीचं नाव घ्या: "सर, प्रत्येक कॉलवर बोलणं आता थांबवा. ही वॉर्निंग आहे." "वॉर्निंग" हा शब्द उच्चारायलाच हवा. नुसतं "सर, प्लीज" म्हटलं तर ती विनंती ठरते आणि नंतर "मला कधी सांगितलं?" ऐकावं लागतं. मग सहकाऱ्याला क्वार्टर आणि वेळ सांगून ठेवा.

दुसरी वॉर्निंग नाही. "लास्ट वॉर्निंग", "आता खरंच लास्ट" असं चालू झालं की संपलं. तीच वागणूक पुन्हा दिसली की टप्पा 7.

एका बेंचला वॉर्निंग दिली म्हणून दुसऱ्याला तोल सांभाळायला देऊ नका. पण दुसरा कोच तेच करत असेल आणि तुम्ही दुर्लक्ष केलं असेल, तर तुमचंच चुकलंय.

तपासा: एकही वॉर्निंग न देता तिसरा क्वार्टर संपला आणि तरीही तुम्ही आतून धुमसताय? मग पुढच्या डेड बॉलला वॉर्निंग द्या. साठवून ठेवू नका.

टप्पा 7: टेक्निकल, राग न दाखवता

प्रतिस्पर्धी संघ बास्केटकडे धावत असेल तर क्षणभर थांबा आणि संधी संपू द्या. नाहीतर ज्याच्या बेंचने गैरवर्तन केलं त्याचाच फायदा होतो.

1. शिट्टी एकदा. हाताने टी ची खूण, छातीसमोर, कोचच्या तोंडासमोर नाही.
2. लगेच पाठ फिरवून टेबलाकडे चाला. तिथेच उभे राहिलात तर दुसरा टेक्निकल दहा सेकंदांत येतो, आणि त्यात वाटा तुमचाही असतो.
3. सहकाऱ्याने कोच आणि तुमच्यामध्ये यायचं आणि एका वाक्यात कारण सांगायचं.
4. टेबलाला स्पष्ट सांगा कोणावर. कोचच्या स्वतःच्या वागणुकीचा असेल तर त्याच्या नावापुढे सी, बेंचवरच्या इतर कोणाचा असेल तर तोही कोचच्याच नावावर, पण बी. हा फाउल संघाच्या फाउलमध्ये मोजत नाहीत.
5. प्रतिस्पर्धी संघाला 1 फ्री थ्रो, कोणत्याही खेळाडूने, बाजूला रांग न लावता. मग खेळ जिथे थांबला होता तिथून, ज्याचा चेंडू होता त्याच्याकडून. फ्री थ्रोनंतर चेंडूही प्रतिस्पर्ध्याला द्यायची जुनी सवय अजून दिसते. ती सोडा.

तपासा: फ्री थ्रोआधी स्कोअरशीट बघा. कोचच्या नावावर 2 सी झाले तर तो डिसक्वालिफाय, म्हणजे सामन्यातून बाद. एकूण तीन झाले, म्हणजे तिन्ही बी किंवा त्यातला एक सी, तरीही डिसक्वालिफाय. अशा कोचने ड्रेसिंग रूममध्ये जायचं किंवा मैदान सोडायचं. मैदानाच्या जाळीबाहेर उभं राहून सूचना देणं चालत नाही. आपल्याकडे हे सर्रास होतं, आणि तो गेल्याशिवाय खेळ सुरू करू नका.

पंचाला धक्का देणं किंवा अंगावर धावून येणं इथे टेक्निकलचा हिशेब नाही, ते थेट डिसक्वालिफाइंग.

टप्पा 8: त्यानंतरची दोन मिनिटं

टेक्निकल देऊन झाला म्हणजे विषय संपला. आता दोन मोह होतात. एक, त्या संघाला झुकतं माप देऊन चांगलं दिसण्याचा. दुसरा, त्या कोचकडे उरलेला सामना न बघण्याचा. दुसरा जास्त घात करतो. टेक्निकलनंतर त्याने पहिला नीट प्रश्न विचारला की त्याला नीट उत्तर द्या, आधी दिलं असतं तसंच. बहुतेक सामने इथून शांत होतात.

सहकारी नवीन असेल, विशेषतः तरुण मुलगी असेल, तर कोच आवाज तिच्यावर जास्त टाकतात. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता आधीच गृहीत धरतो. तिच्या कॉलवर तुम्ही स्पष्टीकरण देऊ नका, तिला देऊ द्या. तुम्ही फक्त जवळ उभे राहा.

टप्पा 9: हाफ टाइम आणि शेवटची दोन मिनिटं

हाफ टाइमला दोघंही एकत्र बाहेर पडा आणि एकत्र परत या. वाटेत कोच गाठेल: "फाउल बघा, आमचे सात, त्यांचे दोन." उत्तर एवढंच: "पाहिलं, सर." फाउल समान करणं तुमचं काम नाही. पण खोलीत गेल्यावर सहकाऱ्याला प्रामाणिकपणे विचारा की दोन फाउलवाल्या संघाचा हात कमरेवर सतत लागतोय आणि आपल्याला दिसत नाहीये, असं तर नाही ना. कधीकधी कोच बरोबर असतो.

चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट पडली की घड्याळ थांबतं. टायमरला हे आठवणीने सांगा. टाइम-आउट किती उरले ते टेबलाकडून घेऊन दोन्ही कोचना मोठ्याने कळवा. या दोन मिनिटांत पहिल्या क्वार्टरसारखीच शिट्टी हवी. पहिल्यांदा दिलेला फाउल आता गिळलात तर कोचला ओरडायला तुम्हीच कारण दिलंत.

टप्पा 10: हूटर वाजल्यावर

टेबलाकडे जा, स्कोअरशीट तपासा, सही करा, निघा. स्कोअरशीटवर शेवटची सही क्रू चीफची (मुख्य पंचाची) असते. त्याआधी काही अनुचित घडलं तर ते सहीपूर्वी शीटवर नोंदवून आयोजकांना अहवाल द्यावा लागतो. कोणी प्रोटेस्ट (निकालाविरुद्ध अधिकृत तक्रार) करू म्हणालं तर अडवू नका. कर्णधाराने 15 मिनिटांच्या आत क्रू चीफला सांगून शीटवर सही करायची असते. तो त्यांचा हक्क आहे.

कोच हात मिळवायला आला तर मिळवा. वाद घालायला आला तर "आता नाही, सर" आणि चालू लागा. परतीच्या लोकलला तोच कोच त्याच फलाटावर भेटू शकतो. तिथेही सामन्याविषयी नाही. रात्री व्हॉट्सअॅपवर पंधरा सेकंदांची क्लिप येईल, खाली तुमचं नाव असेल. उत्तर देऊ नका, सहकाऱ्यांच्या ग्रुपवरही नाही.

अहवाल त्याच रात्री लिहा. क्वार्टर, वेळ, गुण, बोलले गेलेले शब्द जसेच्या तसे, तुम्ही काय केलंत. "उद्धट", "नेहमीच असं करतात" हे शब्द काढून टाका. त्याशिवाय एक खासगी वही ठेवा. माझ्या वहीतली नोंद अशी असते (वेळ म्हणजे क्वार्टरमध्ये उरलेली मिनिटं): "दुसरा क्वार्टर, 4:10. पाहुण्या संघाचे कोच, चालू समालोचन. वॉर्निंग दिली. द्यायला हवी होती 6:30 ला."